पहिला प्लग कुणी काढायचा

वैशाली,

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळ्यात जास्त रडली ती शीतल, आणि पाण्याचा ग्लासही लोकांनी आधी तिलाच दिला. मी दारात उभी होते. सतरंज्या कुणाकडून आणल्या, वंदनेनंतर चहा किती जणांचा सांगायचा, भंतेजींना परत कोण सोडणार, ही कामं माझ्याकडे होती. नायगावच्या या चाळीत आपण भिंतीला भिंत लावून वाढलो. तुझ्या घरात भांडं पडलं की माझी आई भाकरी थापता थापता म्हणायची, "वैशीनं पाडलं." आणि दुःखाच्या रांगेत माझा नंबर लागला भोईवाड्याच्या एका मुलीच्या मागे, जी तुला काल-परवा ओळखायला लागली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पत्रके, आता रांगेवरही एक पत्रक काढ."

काढतेय.

मंडळाच्या मुलांना तुझ्या फोटोखाली छापायला मजकूर हवाय. जन्म, शिक्षण, नोकरी, सामाजिक कार्य, या क्रमानं. तो त्यांनी कुणाकडूनही लिहून घ्यावा. मला जे लिहायचंय ते फोटोखाली मावणार नाही आणि शोभणार तर नाहीच. माझ्याकडे सध्या मुख्यतः हेवा आहे. दुःख असेल, पण ते त्याच्या खाली कुठेतरी सरकलंय, हातातून निसटून गाडीखाली गेलेल्या पान्यासारखं. दिसतं, पण हात पोचत नाही.

'पत्रके' हे नाव तूच ठेवलंस. माझे आजोबा गिरणीच्या गेटवर पत्रकं वाटायचे, बाबा ती लिहायचे, आणि मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. तुझे बाबा फोर्टातल्या एका शेठची गाडी चालवायचे. शेठनं नवी घेतली तेव्हा जुनी तुझ्या बाबांना दिली, आणि बाबांनंतर ती तुझी झाली. पांढरी, चौकोनी, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. त्या गाडीवर मी पहिल्यापासून चिडून होते. शेठची उतरलेली वस्तू आपण का मिरवायची, असं मी म्हणायचे.

"मिरवत नाही गं, चालवते," तू म्हणायचीस.

रविवारी तुझ्या लॅबला सुट्टी. सकाळी दोन चाळींच्या मधल्या मैदानात तू बॉनेट उघडायचीस आणि माणसं जमायची. मला लोक जमवायला आठवडाभर घरोघर फिरावं लागतं, वैशे. खुर्च्या मांडाव्या लागतात, माईक आणावा लागतो, तरी म्हातारे येतात आणि तेही खुर्च्या आहेत म्हणून. तू नुसती दांडी लावून बॉनेट उभं करायचीस. तळमजल्यावरचे हवालदार काका यायचे, रिक्षावाले यायचे, ज्यांच्याकडे सायकलही नाही तेही यायचे. मी वर गॅलरीत पुस्तक घेऊन बसायचे. पुस्तक कितीदा उलटं होतं ते फक्त मला माहीत.

वरून मला सगळं ऐकू यायचं. इंजिन गार असतानाच हात घालायचा. प्लगच्या भोवतीची धूळ आधी फुंकून टाकायची, नाहीतर ती आत पडते. वायर ओढायची नाही, तिच्या टोकाचं रबराचं बूट धरून ओढायचं. नवा प्लग आधी बोटांनी फिरवून बसवायचा, पाना अगदी शेवटी. आणि जुना प्लग बाहेर आला की तू तो उन्हात धरायचीस. "तोंड बघ याचं," म्हणायचीस. काळं तोंड म्हणजे गाडी जास्त पेट्रोल पितेय. पांढरं म्हणजे तापतेय. आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असला तर गाडी सुखात आहे.

माझं कुठलंही पत्रक तू असं उन्हात धरून पाहिलं नाहीस. मला त्या प्लगांचा हेवा वाटायचा. बोटभर वस्तू, पण तिच्याकडे तू भुवया जवळ घेऊन पाहायचीस.

उलट माझी पत्रकं तू वापरलीस. 'मैदान मुलांचं, गाड्यांचं नाही' हे पत्रक मी काढलं होतं ते आठवतंय? प्रत्येक दाराच्या कडीत खोचलं होतं. पुढच्या रविवारी तू त्याच मैदानात, त्याच पत्रकानं प्लग पुसत बसली होतीस. मी तीन जिने उतरून खाली आले ती भांडायलाच.

"अगं, कागद चांगला आहे," तू म्हणालीस. "तेल बरोबर शोषतो. मागच्या वेळचा गुळगुळीत होता, त्यानं नुसतं फासलं जायचं. हाच कागद ठेव."

"वाचलंस का?"

"वाचलं ना. दुसऱ्या परिच्छेदात दम आहे. तिसऱ्यात तू ओरडतेस."

हवालदार काका हसले. मला तुझा राग आला आणि तिसऱ्या परिच्छेदाचाही आला, कारण तुझं बरोबर होतं. त्या दुपारी तू गाडी हलवून गल्लीत लावलीस, मुलं मैदानात क्रिकेट खेळली, आणि त्यानंतर दर रविवारी दुपारी हेच झालं. मागणी मी केली होती. मुलं मात्र सांगायची, "वैशूताईनं मैदान दिलं."

तुझा एक नियम होता. गाडी कुणाचीही असो, पहिला प्लग मालकानं काढायचा. त्याशिवाय तू पान्याला हात लावायची नाहीस. हवालदार काकांना घाम फुटला होता, पण काढायला लावलास. "एकदा स्वतः काढलात की गाडी तुम्हाला घाबरवणार नाही," असं त्यांना सांगितलंस. शीतल भेटली तीही अशीच. ती घरगुती डबे पोचवते, तिची खटारा गाडी आपल्या गेटसमोर धापा टाकत बंद पडली, मागे चाळीस डब्यांचा वास, आणि ती रस्त्यात उभी राहून मालवणीत कुणाच्या तरी सात पिढ्या काढत होती. तू खाली गेलीस आणि तिच्या हातात पाना दिलास.

"मी काढू? माका येणा नाय गो!"

"म्हणून तर तूच."

त्या दिवशी तिच्या गालावर काळं लागलं आणि तू ते ओढणीनं पुसलंस. मी वरून पाहिलं. पुढे दर रविवारी ती यायची, तुझ्या शेजारी वाकून उभी राहायची, तुमच्या दोघींच्या पाठी वरून अगदी एकसारख्या दिसायच्या. तिच्या डब्यातले घावणे तू मलाही वर पाठवायचीस. मी ते कुत्र्याला घातले नाहीत, खाल्ले. चांगले होते, हाच त्रास.

मला का नाही शिकवलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. पण एकदा विषय निघाला होता. तू म्हणालीस, "ये, धर पाना." आणि लगेच तुला तुझा नियम आठवला, हसलीस, "पण पहिला प्लग मालकानं काढायचा. तुझी गाडी कुठंय?"

मी पेटले. मालक काय, मालक? आपल्या आज्या-पणज्यांनी 'मालक' म्हणत माना खाली घातल्या, आणि तू तोच शब्द चाळीच्या मैदानात पुन्हा रुजवतेस? शब्द बदल. चालवणारा म्हण. जो चालवतो त्याची गाडी.

तू जराही न चिडता म्हणालीस, "बरं. चालवणारा म्हणते. तू चालवतेस?"

मी वर निघून गेले. तुझ्या ते लक्षातही राहिलं नसेल. मी मात्र कितीतरी रात्री त्याचं उत्तर तयार करत होते, आणि आता उत्तर तयार आहे तर ऐकायला तू नाहीस.

आपला दुसरा वाद मोठा होता, सगळ्या चाळीला ऐकू गेलेला. चाळ पाडून टॉवर होणार, त्याच्या करारावर सह्या करायची वेळ आली तेव्हा मी म्हणत होते, सगळ्या मागण्या एकदम. एकही सुटली तर कुणीच सही करायची नाही. तू म्हणालीस, एकेक सोडवू. आधी म्हाताऱ्यांना खालचे मजले, मग बुद्धविहाराची जागा, मग बाकीचं. मी भर सभेत तुला 'तडजोडवाली' म्हटलं. तू उठून फक्त एवढंच बोललीस, "सगळ्या वायरी एकदम उपटल्या तर कुठली कुठं होती ते कळत नाही, बाई." लोक हसले, टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांचे खालचे मजले तू मिळवलेस. विहाराची जागा मिळवलीस. मैदानाचं राहिलं. ते राहिलं, वैशे, आणि माझं म्हणणं अजूनही तेच आहे की एकदम मागितलं असतं तर राहिलं नसतं.

मग तुला ताप आला. एवढा तरी वाद पुरा करायला हवा होतास.

आता या रविवारचं सांगते.

सोमवारी मैदानाभोवती पत्रे लागणार. आत उभी असलेली प्रत्येक गाडी त्याआधी हलवायची, नाहीतर उचलून भंगारात नेणार, असं गेटवर लिहून लावलंय. तुझी गाडी उभीच होती. प्लग आणि वायरी दोन्ही संपत आले होते. नवे तूच ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीतून आणून डिकीत ठेवले होतेस, रविवारी बदलायला. त्या रविवारी तू इस्पितळात होतीस.

तुझ्या आईनं, जिला मी मावशी म्हणते, परस्पर ठरवलं की गाडी शीतलला द्यायची.

"तिला का?" मी विचारलं.

"तिची मोडकी झालीय. तिचं पोट त्याच्यावर आहे."

"मावशी, पण वैशीची गाडी…"

"मग तू घे. येते चालवायला?"

आई कोण, लेक कोण, कळेना. तोच प्रश्न, तीच मान तिरकी.

सकाळी शीतल आली. बॉनेट उघडलं, प्लगांवरची धूळ फुंकली, हुबेहूब तुझ्यासारखे गाल फुगवून. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. शीतलनं पाना काढला आणि थांबली.

"मावशी, पहिलो तुम्ही काढा. आता मालकीण तुम्हीच."

मावशीनं हात उघडून दाखवले, संधिवातानं वाकलेले. "माझ्यानं काय निघतोय. हिला दे."

"हिला?" शीतल म्हणाली. त्या एका शब्दात मला कळलं की ती माझ्याबद्दल काय विचार करते.

"हिलाच. मोठी पत्रकं लिहिते. अजून एक टिपूस काढलं नाही तिनं. प्लग तरी काढू दे."

मी पाना घेतला. इंजिन गार. बूट धरलं, वायर नाही, आणि ओढलं. पाना बसवला, पण प्लग पहिल्यांदा हललाच नाही. शीतल म्हणाली, "अंगाचो भार दे." मी म्हटलं, "माहितेय मला." माहीत नव्हतं. भार दिला. करकरला, सुटला, मी बोटांनी फिरवत फिरवत तो बाहेर काढला आणि विचार न करता उन्हात धरला.

बिस्किटाचा रंग. तुझी गाडी सुखात होती, वैशे.

पुढे जे झालं ते तुला आवडेल, म्हणून नीट सांगते. आम्ही चारही प्लग बदलले. वायरी राहिल्या. एवढ्यात शीतलला फोन आला, कुणाचा तरी डबा चुकला होता, ती बोलत बोलत गेटपर्यंत गेली. आणि मला वाटलं, ती परत यायच्या आत मी उरकते. तिनं येऊन पाहावं आणि तिचं तोंड उतरावं. एवढंच माझं ध्येय होतं. मी पत्रकवाल्या घरातली. एकेक वायर काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मग पुढची, हा मला सुधारणावाद वाटतो. मी सगळ्या एकदम उपटल्या. प्लगांकडून आणि त्या काळ्या टोपीकडूनही, जिथून वीज चौघांना वाटली जाते.

"अगं, ती एकेक काढायची," मावशी म्हणाली.

"मावशी, वेळ नाहीये आज."

शीतल आली. बॉनेटमध्ये पाहिलं. फोन कानालाच राहिला.

"अगो, काय केलंस ह्या?"

"आता लावू की. कुठली कुठे, सांग."

"माका काय म्हायत? ती एका वेळी एकच काढूक द्यायची. क्रम बघूची वेळच कधी इली नाय."

आम्ही मोबाइलवर शोधलं. प्लगांचा क्रम सापडला, पण टोपीवरचा पहिला कान, म्हणजे वायर खोचायचं तोंड, कुठला, आणि मोजायचं डावीकडून की उजवीकडून, ते तुझ्या या म्हाताऱ्या गाडीबद्दल कुणी लिहिलेलं नव्हतं. तिच्या पोटात कुठली वायर कुठे जाते हे या जगात फक्त तुला माहीत होतं. मी बंपरवर बसले. तू गेलीस हे मला इस्पितळात कळलं होतं, वैकुंठधामात कळलं होतं, पुण्यानुमोदनाला तर मी माईकवरून सांगितलंही होतं. पण ते खरं कळलं त्या चार रिकाम्या जागांकडे बघताना. मी रडले. जोरात, गॅलरीतून लोक वाकून बघतील असं. शीतल रडली नाही, तिचं रडून झालं होतं. ती शेजारी उभी राहिली आणि तिनं ओढणी पुढे केली. मी ती घेतली. मला तो प्रसंग, तिच्या गालावरचं काळं, आठवत होता, तरी घेतली.

मग मी जुन्या वायरी गोळा करायला लागले, फेकायला. त्यांची गुंडाळी होईना. इतकी वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून त्या कडक झाल्या होत्या, आणि जिथे जशा वाकल्या होत्या तशाच राहिल्या होत्या. सरळ केली की परत वाकायची. मी त्यातली सगळ्यात लांब वायर इंजिनावर नुसती ठेवून पाहिली. ती आपोआप वळणं घेत शेवटच्या प्लगवर जाऊन टेकली, आणि तिचं दुसरं टोक टोपीच्या एका कानावर.

"शीतल."

"बघितलंय," ती म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज माझ्या बाजूनं होता.

एक जुनी ठेवायची, तिची जागा बघायची, तिथं नवी लावायची. मग पुढची. हसू नकोस. एकेक करूनच लावल्या. मधल्या दोघी जवळजवळ सारख्या वाकलेल्या होत्या. शीतलनं चावी फिरवली, गाडी हादरली, मागून फाटकन आवाज झाला आणि कबुतरं उडाली. मधल्या दोघींची अदलाबदल केली. पुन्हा चावी. एक आचका, दुसरा, आणि मग तो तुझा रविवारचा आवाज सुरू झाला. मावशी खुर्चीतून उठून उभी राहिली, राष्ट्रगीताला राहतात तशी.

तू म्हणशील, हरलीस. एकदम उपटून बसलीस, आणि शेवटी एकेकच लावलंस. मी मान्य केलेलं नाही. मैदानाचा मुद्दा अजून उभा आहे, आणि तो मी मांडणार आहे, पत्र्यांच्या बाहेर उभी राहून. तिसऱ्या परिच्छेदात ओरडणार नाही, एवढी सूट तुला.

शीतल चालकाच्या जागी बसली, मावशी शेजारी, एक फेरी मारून येऊ म्हणून. काच खाली करून शीतल म्हणाली, "ये ना गो. मागे बस."

मी म्हटलं, "तुम्ही जा."

गाडी गेटमधून बाहेर पडली. 'जय भीम' वळणापर्यंत दिसत होतं. मैदान रिकामं होतं, मी मागितलं होतं तसं, फक्त जिथे तू उभी राहायचीस तिथे तेलाचा काळा डाग. आणि मला हेवा वाटला. शीतलचा नेहमीचाच. पण या वेळी तिच्याविरुद्ध माझ्याकडे एक मुद्दा होता, आणि तो ज्याच्यासमोर मांडायचा ते माणूस तूच आहेस.

वैशे, पहिला प्लग मी काढलाय. साक्षीला मावशी आहे. तुझ्या नियमानं जो पहिला प्लग काढतो तो मालक. माझ्या दुरुस्तीनं जो चालवतो त्याची गाडी. म्हणजे तुझा नियम धरला तर ती गाडी माझी आहे, आणि माझा धरला तर शीतलची. इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडले. या एका वादात तू जिंकावंस असं मला वाटतंय.